नव्वद वर्षांपूर्वीचा इंग्रजी सिनेमा आणि झाडीपट्टीतला प्रॉम्प्टर

पार्श्वभूमी

वैनगंगेच्या काठचं एक मोठं गाव. गावाचं नाव आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, बाकी सगळं घडलं तसं लिहिलं आहे. गावात 'क' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. सकाळी पेपर वाचायला वयस्क मंडळी येतात, दुपारी स्पर्धा परीक्षेची पोरं टेबलं अडवून बसतात. मी या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे.

झाडीपट्टी म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया हा धानाचा, जंगलाचा पट्टा. दिवाळी झाली, धान घरात आलं की इथं मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि त्यांच्या जोडीनं रात्रभर नाटकं चालतात. होळीपर्यंत हा हंगाम असतो. वडसा हे नाटक मंडळ्यांचं मुख्य ठाणं. एकेक नट हंगामात रोज वेगळ्या गावी उभा राहतो, कधी वेगळ्या नाटकातही, म्हणून नटाला संवाद सुचवणाऱ्या प्रॉम्प्टरशिवाय इथल्या रंगभूमीचं पान हलत नाही. हा प्रॉम्प्टर पुढं महत्त्वाचा आहे.

आमच्या गावातला एक तरुण नाटकं लिहितो. त्याची तक्रार जुनी होती. नायक-नायिकेनं रडायचं, भांडायचं, आणि मध्येच विनोदी पात्रानं येऊन हसवून जायचं, अशी वाटणी ठरलेली. निर्माता संहिता हातात घेतो तीच "कॉमेडी किती मिनिटांची?" असं विचारत. या पोराला नायक-नायिकेच्या भांडणातूनच हसू काढायचं होतं, आणि हसता हसता प्रेम झालेलं दाखवायचं होतं. मी त्याला म्हटलं, हे काम 1934 साली एकानं करून ठेवलं आहे, ते एकदा बघ. तो म्हणाला, "सर, मी एकट्यानं काहून पाहू? सगळ्यांनाच दाखवू ना."

चित्रपट कोणता आणि तो कसा झाला

चित्रपट होता 'इट हॅपन्ड वन नाइट'. दिग्दर्शक फ्रँक काप्रा, पटकथा रॉबर्ट रिस्किन. मूळ कथा सॅम्युअल हॉपकिन्स ॲडम्स यांची, ऑगस्ट 1933 मध्ये 'कॉस्मोपॉलिटन' मासिकात आलेली 'नाइट बस'. श्रीमंत बापाची मुलगी एका वैमानिकाशी परस्पर लग्न करते, बाप तिला बोटीवर अडकवून ठेवतो, ती समुद्रात उडी मारून पळते आणि मायामीहून न्यूयॉर्कला रात्रीच्या बसनं निघते. बसमध्ये तिला नोकरी गेलेला एक बातमीदार भेटतो. बाकी सगळा प्रवास.

चित्रपट काढणारी कोलंबिया ही त्या वेळी मोठ्या कंपन्यांच्या मानानं लहान कंपनी. नायक क्लार्क गेबल एमजीएमकडून उसना आणलेला. नायिकेच्या कामाला एकीपाठोपाठ एक नट्यांनी नकार दिला. शेवटी पॅरामाउंटच्या क्लॉडेट कोल्बर्टनं होकार दिला, तोही अटी घालून: नेहमीच्या दुप्पट, म्हणजे 50,000 डॉलर मानधन, आणि काम चार आठवड्यांत संपवायचं, कारण तिला नाताळची सुट्टी हवी होती. काप्राबरोबर तिनं 1927 मध्ये एक मूकपट केला होता, आणि त्याची तिच्या मनात काही गोड आठवण नव्हती. चित्रीकरण संपल्यावर, आपण आयुष्यातला सगळ्यात वाईट सिनेमा करून आलो, असं ती मैत्रिणींना म्हणाल्याचं सांगतात.

22 फेब्रुवारी 1934 ला तो न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये लागला. समीक्षकांनी बरं म्हटलं. पण त्याला खरं उचललं ते नंतर, लहान गावांतल्या आणि दुय्यम थेटरांतल्या लोकांनी, एकमेकांना सांगून सांगून. मंदीचे दिवस होते. बसमध्ये उपाशी बाई चक्कर येऊन पडते आणि तिचं पोर रडतं, हे पाहणाऱ्यांना समजावून सांगावं लागत नव्हतं. 27 फेब्रुवारी 1935 च्या ऑस्कर समारंभात त्याला पाच नामांकनं होती आणि पाचही पुरस्कार मिळाले: चित्रपट, दिग्दर्शक, नायक, नायिका, पटकथा. कोल्बर्टला आपलं नाव येईल असं वाटलंच नव्हतं. ती गावाला निघाली होती. तिला स्टेशनवरून बोलावून आणलं आणि प्रवासाच्या कपड्यांतच तिनं पुरस्कार घेतला. हे पाचही मुख्य पुरस्कार पुन्हा एकाच चित्रपटाला मिळायला 1975 सालचा चित्रपट यावा लागला. आणि एका विनोदी प्रेमकथेला हे मिळालं होतं, यावर माझा सगळा भर होता.

अडचण कुठं आली

पहिला खेळ वाचनालयाच्या अंगणात झाला. शाळेचा प्रोजेक्टर, पांढरं कापड, दोन स्पीकर. पोरांनी पंधरा दिवस बसून संवादांची मराठी उपशीर्षकं केली होती. सत्तरेक माणसं आली.

दहा मिनिटांतच चूक कळली. हा सिनेमा फार वेगानं बोलतो. दोघं एकमेकांचं वाक्य पडूही देत नाहीत. उपशीर्षक वाचावं तर चेहरा सुटतो, चेहरा पाहावा तर ओळ सुटते. पुढं बसलेल्या अर्ध्या बायांना वाचायची सवय नव्हती, आणि खालच्या ओळी कापडाच्या चुण्यांत जात होत्या. वाचणारी पोरं हसायची, मग बाकीचे त्यांच्याकडे वळून "काय म्हनला?" असं विचारायचे, तोवर पुढचं निघून गेलेलं असायचं.

त्यातच मुक्कामाचा प्रसंग आला. पैसे वाचवायला दोघं नवरा-बायको म्हणून एकच खोली घेतात. नायक मधोमध दोरी बांधतो, तिच्यावर घोंगडं टाकतो आणि त्याला 'जेरिकोची भिंत' म्हणतो. आमच्या कार्यकारिणीतले ज्येष्ठ गुरुजी तिथं उठले. नंतर त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "कागदोपत्री एकाची बायको, आणि रात्री दुसऱ्याच्या खोलीत. वाचनालयाच्या नावानं हे दाखवायचं का, याचा विचार करा." ते रागावले नव्हते, त्यांना खरंच काळजी वाटत होती.

त्याच क्षणी मागून एक आजी म्हणाली, "अंतरपाट धरला जी यानं." दोनचार बाया हसल्या. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. माझं लक्ष उठून जाणाऱ्या माणसांकडे होतं. संपताना वीसेक जण उरले होते.

समोरचे पर्याय

चार दिवसांनी बैठक झाली. गुरुजींचं म्हणणं होतं, विषय इथंच थांबवावा. त्यांच्या आक्षेपावर मी उत्तर दिलं नाही, नाटककार पोरानं दिलं. तो म्हणाला, "गुरुजी, ते घोंगडं काढलं तं सिनेमात काही उरत नाही. त्यानं ते टाकलं म्हणून तो भला माणूस आहे हे समजते." गुरुजी थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग लोकांना ते समजेल असं दाखवा." त्यांनी दार लावलं नाही, अट घातली. पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं राहिलं.

दुसरा पर्याय सोपा होता. याच कथेवरून हिंदीत 1956 मध्ये राज कपूर आणि नर्गिस यांचा 'चोरी चोरी' आला, 1991 मध्ये 'दिल है के मानता नहीं'. भाषेचा प्रश्नच मिटतो. बऱ्याच जणांचं मत तिकडं झुकलं, आणि फक्त करमणूक करायची असती तर मीही तेच म्हटलं असतं. पण हिंदीत गाणी आली की प्रेम गाण्यांतून पुढं सरकतं. आमच्या पोराला गाण्याशिवाय, निव्वळ भांडणातून ते कसं सरकतं हे बघायचं होतं. आणखी एक गोष्ट ओळखीच्या वकिलांनी दाखवली. आपल्याकडे चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं आणि लेखकाचा मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. रिस्किन 1955 मध्ये आणि ॲडम्स 1958 मध्ये वारले, त्यामुळे इथं तो काळ उलटून गेला आहे, अमेरिकेत हक्क अजून चालू असला तरी. 'चोरी चोरी'च्या गाण्यांचं तसं नाही, कारण गीतकारांपैकी हसरत जयपुरी 1999 मध्ये गेले. जुना इंग्रजी सिनेमा दाखवणं त्या मानानं निर्धोक होतं.

गावातल्या नटांकडून आवाज भरून घ्यावा, असंही कुणी सुचवलं. 105 मिनिटांचं काम, वेळ आणि यंत्रं दोन्ही नव्हती. ते तिथंच सुटलं.

उरला चौथा: कुणीतरी शेजारी बसून सांगत जायचं. नाव एकच पुढं आलं. गावात पासष्टीचे एक प्रॉम्प्टर आहेत, सगळे त्यांना काकाजी म्हणतात. तीसेक हंगाम त्यांनी नाटकांना शब्द दिला आहे. इंग्रजीचा एक शब्द येत नाही.

काय केलं

काकाजींनी आधी संहिता मागितली. आम्ही उपशीर्षकांचे छापील कागद दिले तर परत केले. दोनशे पानी वही आणली आणि चार रात्री बसून सगळं स्वतःच्या हातानं उतरवलं. म्हणाले, "दुसऱ्याच्या अक्षरातला सबद तोंडात बसत नाही." मग सिनेमा तीनदा पाहिला. एकदा आवाज पूर्ण बंद करून.

मला वाटत होतं, ते सगळं बोलतील. त्यांचं मत उलट होतं. "नट अडला तवाच सबद द्याचा. नाही अडला तं चूप राहाचं." इथं नट अडणार नव्हता, बघणारा अडणार होता. मग बघणारा अडतो कुठं, हे आधी शोधायचं ठरलं. बचत गटातल्या सहा बायांना एका घरी बसवून लॅपटॉपवर सिनेमा दाखवला. काकाजी वही घेऊन कोपऱ्यात, पडद्याकडे पाठ, नजर बायांच्या तोंडाकडे. जिथं कपाळाला आठी पडली तिथं ते वहीत फुली मारायचे.

या एका संध्याकाळनं आमच्या सगळ्या समजुती मोडल्या. आम्हाला वाटलं होतं विनोद कळणार नाहीत. ते कळले. डोनट कॉफीत कसं बुडवायचं हे नायक तिला शिकवतो, तिथं शब्द लागलेच नाहीत. चहात टोस्ट किती वेळ धरावं यावरून कुणाच्या घरी बोलणं झालेलं नाही? बापानं लावलेले गुप्तहेर खोलीत आल्यावर दोघं नवरा-बायकोसारखी कडाकडा भांडतात, तेव्हा एक बाई पदर तोंडाला लावून हसत म्हणाली, "हे तं आमच्याच घरचं हाय." भुकेली असूनही ती कच्चं गाजर नाकारते आणि नंतर गुपचूप खाते, तेही सरळ पोचलं.

अडलं ते वेगळीकडे. बापानं तिला मारलं ते का? ज्याच्याशी लग्न झालं तो मानूस कुठं आहे? तिच्या मागं फिरणाऱ्याला तिची बातमी पाहिजे की ती पाहिजे? दहा हजार कसले? म्हणजे नातं आणि पैसा. काकाजींनी वहीतले सगळे विनोद खोडले आणि नात्याची, पैशाची वाक्यं ठेवली. बाकी ठिकाणी समासात उभी रेघ मारली. उभी रेघ म्हणजे गप्प. वहीत रेघाच जास्त झाल्या.

त्यांनी कुठं बसायचं, यावरही वेळ गेला. नाटकाच्या सवयीनं ते पडद्यापुढं बसले, तर माणसं त्यांनाच बघू लागली. मग त्यांना मागं नेलं, शेवटच्या रांगेच्याही मागं, एका स्पीकरवर सिनेमाचा आवाज आणि दुसऱ्यावर त्यांचा. वही वाचायला छोटी बॅटरी, तिच्या तोंडावर लाल कापडाची चिंधी बांधलेली. शब्द कधी द्यायचा हाही प्रश्न होता. नाटकात प्रॉम्प्टर नटाच्या आधी बोलतो. इथं आधी बोललं की हसू आधीच खर्ची पडायचं, उशिरा बोललं की शिळं व्हायचं. काकाजी पात्राचा श्वास बघून बोलायला लागले. तोंड उघडायच्या आधी छाती वर येते, तेवढ्यात त्यांचं वाक्य सुरू व्हायचं आणि पात्राबरोबर संपायचं.

राहिली 'जेरिकोची भिंत'. बायबलातली गोष्ट अशी की शिंगं फुंकल्यावर त्या शहराची तटबंदी कोसळली. हे गावाला सांगायचं कसं? कुणी 'लक्ष्मणरेषा' सुचवलं. ते ओठावर लगेच येतं, पण अर्थ उलटा होतो. लक्ष्मणरेषा बाईनं ओलांडायची नसते, आणि ओलांडली की अनर्थ होतो. इथं भिंत पडावी म्हणूनच उभी केली आहे. तेव्हा मला ती आजी आठवली. अंतरपाट! वधू-वरांच्या मध्ये धरलेलं कापड, मंगलाष्टकं संपली, वाजंत्री वाजली की बाजूला होतं. सिनेमाच्या शेवटी हेच घडतं. नायक-नायिका दिसतही नाहीत. बाहेरून फक्त बंद खोली दिसते, भोंगा वाजतो आणि घोंगडं खाली पडतं. गुरुजींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हे त्या दिवशीच का नाही सांगितलं?" काकाजींच्या वहीत पहिल्या मुक्कामापाशीच 'अंतरपाट' लिहिलं गेलं.

काय झालं

दुसऱ्या खेळाला पन्नासेक माणसं होती. थंडी होती, तरी जवळजवळ सगळी शेवटपर्यंत बसली. गुरुजी पहिल्या रांगेत.

सगळ्यात मोठी दाद कुठं मिळाली ते मी कधी विसरणार नाही. शेवटाकडं नायक मुलीच्या बापाकडे पैसे मागायला जातो. मुलगी शोधून देणाऱ्याला दहा हजार डॉलरचं बक्षीस लागलेलं आहे. बापाला वाटतं, हा त्यासाठीच आला. आणि हा पठ्ठ्या मागतो 39 डॉलर 60 सेंट. तिच्यापायी पेट्रोलसाठी स्वतःच्या वस्तू विकल्या, त्याचा हिशोब, वर एक पैसा नाही. काकाजींनी डॉलर गाळले. "एकोनचारीस रुपये साठ पैसे" एवढंच म्हणाले आणि गप्प झाले. अंगणात क्षणभर शांतता. मग धानाच्या काट्यावर आयुष्य काढलेला एक शेतकरी मोठ्यानं म्हणाला, "घामाचेच मागतले गा!" आणि टाळ्या पडल्या. बाप तिथंच ओळखतो की याचं पोरीवर प्रेम आहे. अंगणानंही तिथंच ओळखलं. पाच पुरस्कारांच्या पटकथेतली ही जागा किती पक्की बांधलेली आहे हे मला त्या रात्री कळलं. त्याआधी मी हा सिनेमा कितीदा तरी पाहिला होता.

नंतर तासभर बोलणं चाललं. ज्या नटीला काम नकोच होतं तिला पुरस्कार कसा, हा प्रश्न आला. काकाजी म्हणाले, रुसलेल्या नटीला रुसायचं पात्र दिलं तर ती ते आतून करते, हे मंडळीत त्यांनी पाहिलेलं आहे. विनोदाला मान कमी का मिळतो, यावर 2023 मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना मिळालेल्या पद्मश्रीचा विषय निघाला आणि सगळ्यांच्या बोलण्याला जोर आला.

नाटककार पोरानं त्या हंगामासाठी दोन प्रवेश नव्यानं लिहिले. एकात नायक-नायिका एसटी चुकल्यामुळं थांब्यावर रात्र काढतात आणि डब्यातल्या भाकरीवरून भांडतात. निर्मात्यानं एक प्रवेश काढून टाकला, भाकरीचा ठेवला. विनोदी पात्र मात्र वेगळं ठेवावंच लागलं. पोरगा म्हणतो, एक तर राहिला.

आता केलं तर

पहिल्या खेळाआधी सहा बायांसमोर सिनेमा दाखवायला हवा होता. पंधरा दिवस उपशीर्षकांवर गेले आणि ती कुणासाठी करतो आहोत हे कुणी विचारलं नाही. यात माझी चूक मोठी, कारण सुचवणारा मीच होतो. गुरुजींशीही आधी बोलायला हवं होतं. त्यांचा आक्षेप सिनेमा समजून घेण्याचीच वाट निघाला.

पण सगळ्यात जास्त सलते ती गोष्ट वेगळी आहे. पहिल्याच मुक्कामाला काकाजींनी 'अंतरपाट' म्हटलं, तेव्हा लोकांनी माना डोलावल्या, आणि शेवट तिथंच कळून गेला. अंतरपाट धरला म्हणजे तो निघणारच. तासाभरानं भोंगा वाजला, घोंगडं पडलं, तेव्हा हसू आलं पण चमक आली नाही. काही जण तोवर उठून चपला शोधत होते. ती आजीची ओळख होती, तिची तिनं पाहून काढलेली. आम्ही ती उचलून सगळ्यांच्या कानात आधीच घातली. 'भिंत' एवढंच म्हटलं असतं तर अंगणात आणखी कुणाला तरी ते शेवटी आपोआप सुचलं असतं, बहुतेक त्याच आजीला.

मी हे काकाजींना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. वही आता वाचनालयाच्या कपाटात आहे. परवा उघडून पाहिली, तर त्या पानावर 'अंतरपाट' पेन्सिलीनं खोडलेलं आहे आणि समासात एक उभी रेघ आहे.